खळीखालचं पान

मंगळवार, ५ मार्च १८३३. सकाळी बादलीतलं पाणी गोठलेलं, दुपारी छपरावरून ठिबकायला लागलं. पांढरी कोंबडी अजून अंडी देत नाही. जेवायला कालचाच घेवडा. दुपारी मेहिटेबल पीसली आली, एनॉसची लष्करातली वही मागितली. वहीच्या मागल्या बाजूची दोन पानं किटलीच्या वाफेवर सोडवली. शाई फुटली आहे असं मेहिटेबलला सांगितलं. संध्याकाळी वारा उत्तरेचा.

ही नोंद माझ्या रोजनिशीतली आहे आणि तिच्यात एकही शब्द खोटा नाही. शाई फुटली आहे असं मी सांगितलं, हे खरंच आहे. शाई फुटलेली नव्हती, एवढंच मी लिहिलं नाही.

लहानपणी कॉन्व्हेंटात आम्हाला मदर सेंट-आन्येस शिकवायच्या, की वहीत घडलं तेवढंच लिहावं आणि वाटलं ते प्रार्थनेत सांगावं. सत्तावन्न वर्षं मी तसंच करत आले. पण जोथम पीसलीची हकिकत लिहायची तर घडलं तेवढं पुरत नाही, म्हणून हे कागद वेगळे काढले आहेत.

जोथम आमच्या हार्लो गावात पिंपं आणि बादल्या बनवतो. साखरेसाठी मेपल झाडांचा रस धरायच्या गावातल्या बहुतेक बादल्या त्याच्या हातच्या. मार्च महिन्यात प्रत्येक झाडाला त्याची एक बादली लटकलेली असते, आणि तिच्या बुडाशी त्याने तापल्या सळईने उमटवलेलं एक छोटं वर्तुळ असतं. त्याला हाताने लिहिलेलं वाचता येत नाही. आमच्याकडे पुष्कळांचं तसंच आहे. बायबल छापलेलं, पंचांग छापलेलं, तेवढं येतं. पत्र आलं की दुसऱ्याकडे न्यायचं. त्याच्या डाव्या पायाला दोनच बोटं आहेत. चालताना तो किंचित डावीकडे कलतो, आणि गावातली पोरं मागून त्याची नक्कल करतात. त्याला ते ठाऊक आहे. मध्येच थांबून तो उजवीकडे कलून चालायला लागतो, म्हणजे पोरांचा गोंधळ होतो.

माझे पती एनॉस टटल आणि जोथम एकाच दिवशी, एकाच टेबलापाशी इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्याच्या लढाईसाठी सैन्यात भरती झाले. एनॉस बावीस वर्षांचा, जोथम वीस. एनॉसला लिहिता येत होतं म्हणून तो सार्जंट झाला आणि त्याच्या खांद्यावर लाल लोकरीचा गोंडा आला. जोथम साधा शिपाईच राहिला. लढाई संपल्यावर दोघे गावी परतले. मी सतराशे पंच्याऐंशी साली लग्न होऊन इथे आले. माझे वडील कॅनडातल्या मोठ्या नदीवर नावाडी होते. त्यांनी अमेरिकनांची बाजू घेतली आणि मग आम्हाला घरी परत जाता आलं नाही. गावात मी एकटीच कॅथलिक. जोथमने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "वहिनी, तुम्ही छातीवर ती खूण करता ती जेवणाआधी की नंतर? म्हणजे मला कळेल की कधी सुरू करायचं." तेव्हापासून तो माझा भाऊजी आणि मी त्याची वहिनी.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं दर शनिवारी तो आमच्याकडे यायचा. उलट्या पिंपावर पट मांडून दोघे सोंगट्या खेळायचे. जोथम जिंकायचा. क्वचित एनॉस जिंकायचा, पण मग पुढचे तीन शनिवार तो हरायचा. मी मोजे विणत बसायची. लढाईच्या गोष्टी दोघेही काढत नसत. इतर म्हातारे चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, दोन पेले पोटात गेले की तोफा डागायला लागायचे. हे दोघे घरी येऊन सोंगट्या मांडायचे. एनॉस गेला त्याला आता नऊ वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात नवा कायदा आला, की त्या लढाईतल्या प्रत्येक शिपायाला सरकार पेन्शन देईल. मात्र सेवा सिद्ध करावी लागेल. जोथमने कोर्टात उभं राहून आपली हकिकत सांगितली, फुली मारली, आणि कागद राजधानीला गेले. फेब्रुवारीत उत्तर आलं.

आमच्याकडे टपाल रूफस गेजच्या दुकानात येतं. जोथमने पत्र तिथल्या तिथे रूफसच्या हातात दिलं. "वाच बाबा. मोठ्याने वाच, फुकटात सगळ्यांना ऐकू दे." दुकानात मीठ-काडी घ्यायला आलेली आठ-दहा माणसं होती. मीही होते. रूफस वाचत गेला, आणि एका शब्दापाशी त्याचा आवाज खाली आला. पण तोवर सगळे इतके गप्प झाले होते की तो शब्द शेगडीपलीकडेसुद्धा ऐकू गेला. पलटणीच्या जुन्या हजेरीपटांपैकी बरेचसे आगीत जळाले होते. जो एक शिल्लक होता तो फेब्रुवारी १७७८चा, आणि त्यात जोथम पीसलीच्या नावापुढे शेरा होता: फरारी.

कुणीतरी तरुण हसून म्हणालं, "म्हणजे काका, दर चार जुलैला तुम्ही आमच्यापुढे चालत होतात की पळत होतात?"

जोथम म्हणाला, "पळायला पायाला बोटं लागतात बाबा. माझी तिथेच राहिली."

लोक हसले. तोही हसला, पत्र घडी करून टोपीत ठेवलं आणि गेला. त्या दिवसापासून त्याने कारखाना उघडला नाही. पुढच्या रविवारी प्रार्थनेच्या सभागृहात तो म्हाताऱ्या शिपायांच्या बाकावर बसायला गेला, तर बाकावरचे तिघे सरकले नाहीत. आपापल्या जागी बसून राहिले इतकंच. जोथम मागच्या भिंतीशी उभा राहिला. त्यानंतरच्या रविवारी तो आलाच नाही. रस यायचे दिवस तोंडावर आलेले, लोक बादल्यांसाठी त्याचं दार ठोठावत होते, आणि आतून मेहिटेबल ओरडून सांगत होती, "बाबांना बरं नाही! शेजारच्या गावातून आणा, गळक्या मिळतात तिथे!"

मेहिटेबल ही त्याची मुलगी. पंचेचाळीस वर्षांची, लग्न केलं नाही, जीभ वडिलांची आणि धीर आईचा. पाच मार्चला ती माझ्याकडे आली ती शाल न काढताच बोलायला लागली.

"मावशी, एनॉसकाकांची ती वही आहे ना? पलटणीतली?"

"आहे. पेटीत."

"स्क्वायर व्हीलॉक म्हणतात, एखादा जुना कागद मिळाला तर बघता येईल. बाबांना विचारलं, तुम्ही खरंच कुठे गेला होतात? तर म्हणतात, एनॉसने पाठवलं होतं. कुठे? दवाखान्यात. मग हे कोर्टात का नाही सांगितलंत? म्हणतात, सांगितलं, त्यांनी लिहिलंही, पण साक्षीदार कोण? एनॉस मेला." तिने नाक पुसलं. "ते जेवत नाहीत, मावशी. काल मला म्हणाले, मी गेलो की दगडावर नुसतं नाव घाल, शिपाई घालू नकोस. लोक हसतील."

मी वही काढली. ही वही सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सैन्यात रोज सकाळी प्रत्येक तुकडीचा सार्जंट ॲड्ज्युटंटच्या, म्हणजे पलटणीच्या कारभारी अधिकाऱ्याच्या, तंबूत जायचा, वरून आलेला त्या दिवसाचा हुकूम आपल्या वहीत उतरवून घ्यायचा आणि संध्याकाळी हजेरीच्या वेळी शिपायांना वाचून दाखवायचा. एनॉसच्या वहीत समोरून हे हुकूम आहेत. रात्रीचा परवलीचा शब्द, कुणाला किती फटके, कुंपणाची लाकडं जाळू नयेत, संडासासाठी नवे खड्डे खणावेत. मग सार्जंट लोक वही उलटी फिरवून मागल्या बाजूने आपलं स्वतःचं लिहीत. लाकूडतोडीला कोण, पहाऱ्याला कोण, बूट कुणाला मिळाले. दोन्हीकडून लिहीत आल्यामुळे मधली पानं कोरी उरतात.

त्या काळी कागद मिळत नसे. गावातल्या सगळ्या बायका जुन्या हिशेबाच्या नाहीतर प्रवचनांच्या वह्यांत पाककृतींच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, आणि चिकटवायच्या त्या लिहिलेल्या पानांवर, म्हणजे कोरी पानं वाचतात. मीही तेच केलं होतं. एनॉसच्या वहीची मागली बाजू माझ्या सफरचंदाच्या मुरंब्याखाली, साबणाच्या कृतीखाली आणि खोकल्याच्या काढ्याखाली गाडलेली होती.

"अगं बाई," मेहिटेबल म्हणाली. "म्हणजे बाबा तुमच्या मुरंब्याखाली आहेत?"

"किटली ठेव," मी म्हटलं.

खळ गव्हाच्या पिठाची होती. वाफ लागली की मऊ होते. मी सुरीच्या पाठीने मुरंबा हळूहळू सोडवला. खालचं अक्षर तपकिरी झालं होतं, पण ओळ न् ओळ स्वच्छ. एनॉसचं अक्षर. जानेवारीच्या लाकडाच्या याद्या झाल्या आणि मग फेब्रुवारी आला. मेहिटेबल समोर बसून कधी माझ्या तोंडाकडे बघत होती, कधी पानाकडे. तिलाही हाताचं वाचता येत नाही.

"काय लिहिलंय?"

मी वाचलं होतं. पुन्हा वाचलं.

"शाई फुटली आहे," मी म्हटलं.

"सगळी?"

"हो."

ती उठली, किटली उतरवून ठेवली आणि म्हणाली, "त्रास दिला तुम्हाला." दारातून जाताना माझं सरपण आत आणून ठेवायला ती विसरली नाही. ते बघून मला बसवेना.

ती गेल्यावर मी माझ्या जुन्या रोजनिशा ठेवल्या आहेत ती फळी खाली केली. चिठ्ठ्या कोणत्या वर्षी चिकटवल्या ते मला आठवत नव्हतं, पण लिहिलेलं असणार हे ठाऊक होतं. सापडलं. १२ नोव्हेंबर १७९१. पाऊस. एनॉसने खळ शिजवली. त्याच्या लष्करातल्या वहीत चौदा चिठ्ठ्या चिकटवल्या. बाजू त्याने काढून दिली.

बाजू त्याने काढून दिली. बेचाळीस वर्षांपूर्वी हे मी माझ्या हाताने लिहिलं, शाई टिपली आणि पान उलटलं. आमच्या संसारात एनॉसने चुलीपाशी उभं राहून दुसरी कुठलीही गोष्ट शिजवलेली मला आठवत नाही. तेव्हा मला वाटलं असेल, माणूस मदत करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही शालीत गुंडाळून मी जोथमकडे गेले. तो कारखान्यातच होता, पण भट्टी थंड. फळ्या तासायच्या घोडीवर तो हात मांडीवर ठेवून बसला होता. भोवती अर्ध्या झालेल्या बादल्या, कडी न घातलेल्या, उमलल्यासारख्या उघड्या.

"या वहिनी. बसायला जागा नाही. एखाद्या बादलीवर बसा, फुटली तर फुटली."

"भाऊजी, मी एनॉसचं पान वाचायला आले आहे."

"मेहिटा म्हणाली शाई गेली."

"ती काल गेली होती," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी उभ्यानेच वाचलं. जसं लिहिलं आहे तसं इथे उतरवते.

"६ फेब्रुवारी. आयरा डनला भयंकर ताप. पीसलीला त्याच्याबरोबर घसरगाडी देऊन दवाखान्यात पाठवलं. माझ्याच शब्दावर. कॅप्टन आजारी, त्यांना विचारलं नाही.

"९ फेब्रुवारी. हजेरीला कॅप्टन ब्रॅडिशनी पीसली कुठे विचारलं. काल परस्पर माणूस पाठवल्यावरून दुसऱ्या तुकडीच्या सार्जंटचा गोंडा काढला. मी गप्प राहिलो.

"२८ फेब्रुवारी. हजेरीपटाची तपासणी. पीसली फरारी असं लिहिलं. मी बोललो नाही.

"१४ मे. पीसली परत आला. लंगडतो. कॅप्टन नवे, कुणी विचारलं नाही. त्याला माझे बूट दिले."

मी वही मिटली. जोथमने पायाजवळची एक ढलपी उचलली.

"सोळा मैल," तो म्हणाला. "डन सारखा आईला हाका मारत होता, मग माझीच आई समजून माझ्याशी बोलायला लागला. दवाखाना म्हणजे गुरांचा गोठा. मी त्याला उतरवला आणि परत निघणार, तर मलाच भोवळ आली. देवी निघाल्या. डन तिसऱ्या दिवशी गेला. वाटेत बर्फाने मेलेली माझी बोटं मार्चमध्ये कापली. मी तिथल्या डॉक्टरला रोज म्हणायचो, माझ्या सार्जंटला कळवा. तो म्हणायचा, कळवलंय." तो थांबला. "परत आलो तेव्हा एनॉस पळत आला. मला म्हणाला, कॅप्टनला मी सगळं सांगितलं होतं, तू काळजी करू नकोस. आणि बसून स्वतःचे बूट काढले. मला वाटलं, किती भला माणूस. वहिनी, ते बूट घालून मी लग्न केलं."

"मला ठाऊक आहे. तुमच्या लुईसने सांगितलं होतं. मोठे होत होते."

"आत मक्याची सालं कोंबली होती." तो किंचित हसला आणि मग त्याचा चेहरा बदलला. "थांबा. शनिवारी. सोंगट्या." त्याने मांडीवर हात आपटला. "जवळजवळ चाळीस वर्षं तो माझ्याकडून हरत होता! आणि मी गावभर सांगत फिरायचो, सार्जंट असून याला पट कळत नाही! हलकट. मुद्दाम हरत होता, वहिनी, मुद्दाम! एवढ्या शनिवारांत एकदा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? मी मारलं असतं एक थोबाडीत आणि पट मांडला असता!"

हे म्हणायचा त्याला अधिकार होता.

"शाई सुकली वाटतं मावशी?" मेहिटेबल दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"काल मी खोटं बोलले, मेहिटा."

"ते दिसतंय." तिने वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "एका दिवसात सुकली हे नशीब. आमच्याकडे पंचावन्न वर्षं लागली." पण तिने एक बादली उलटी करून माझ्यापुढे सरकवली. मी बसले.

जोथमचा राग उतरला तसा तो थकला. म्हणाला, "वहिनी, जाळा ते पान. एनॉसचं नाव दगडावर आहे. सार्जंट लिहिलंय त्याच्यावर. तुम्हाला रोज त्या दगडासमोरून जायचं. तुम्ही इथल्या नाही, तुमचं इथे त्याच्याशिवाय कोण आहे? पोरं ओहायोत. लोक तुम्हालाच ऐकवतील. माझं काय, बादली करायला नाव लागत नाही."

"मग तीन आठवडे भट्टी थंड का आहे?"

त्याने हातात एक फळी घेतली, फिरवून पाहिली, खाली ठेवली.

खरं तर जाळण्याचा विचार मी रात्री करून चुकले होते. चुलीत विस्तव होता आणि पान हातात होतं. पण एनॉसच्याही घरात चूल होती. सेहेचाळीस वर्षं होती. वही जाळायला त्याला एक क्षण पुरला असता. ती त्याने जाळली नाही, दाखवलीही नाही. खळ शिजवून माझ्याकडे दिली. त्याच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही, आणि चांगलं तेवढं त्याच्या बाजूने धरून चालणंही मला जमत नाही. कदाचित त्याला एवढंच हवं असेल, की आपल्याला ते दिसू नये. पण कागद राहिला. राहिलेल्या कागदाचं काय करायचं ते आता माझ्यावर होतं.

शुक्रवारी आम्ही तिघे स्क्वायर व्हीलॉककडे गेलो. ते आमच्या गावचे न्यायाधीश, वकील आणि जमिनीचे मोजणीदारही. त्यांनी चष्मा वर-खाली करून पान दोनदा वाचलं, आणि मेहिटेबल व जोथम यांना बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं.

"मार्गरीटबाई," ते हळू म्हणाले, "नक्कल चालत नाही, मूळ पान वहीतून कापून पाठवावं लागतं. आणि गेलं की परत येत नाही, हे मी आताच सांगतो."

"कापा."

"ऐका तर. मला विचाराल तर पहिली नोंद पुरेशी आहे. 'पीसलीला दवाखान्यात पाठवलं.' काम झालं. मी इथून, या ओळीखालून कात्री फिरवतो. खालचं कुणाला दिसणारच नाही. जोथमचं नाव धुऊन निघतं आणि एनॉसही जिथल्या तिथे."

त्यांनी कात्री उचललीसुद्धा होती. चांगला माणूस आहे. माझ्यासाठीच बोलत होता. मी त्या ओळीखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. दीड बोट होती. कात्री सहज गेली असती.

"सार्जंटने पाठवलं, तर तपासणीच्या दिवशी सार्जंट बोलला का नाही, असं विचारणार नाहीत?"

"विचारतील तेव्हा बघू."

"तेव्हा जोथम असेलच असं नाही. आणि स्क्वायर, हे पान मी एकदा माझ्या हाताने झाकलं आहे. न कळत झाकलं. आता कळून अर्धं झाकायला मला सांगू नका."

त्यांनी कात्री ठेवली, चाकू घेतला आणि सबंध पान कडेपासून कापलं. अक्षर माझ्या पतीचं आहे, असं मला शपथेवर सांगायचं होतं. त्यांनी बायबल पुढे केलं आणि अवघडून म्हणाले, "हे आमचं आहे. चालेल ना?"

बाहेरून जोथमचा आवाज आला, "चालवून घ्या वहिनी! आतला देव तोच आहे म्हणतात!"

मी हात ठेवला आणि सांगितलं: हे अक्षर सार्जंट एनॉस टटल यांचं आहे, मी ते एकोणचाळीस वर्षं रोज पाहिलं आहे. पाठवण्याआधी त्यांच्याच टेबलापाशी मी पानाची नक्कल केली आणि घरी येऊन रोजनिशीत ८ मार्चच्या तारखेला चिकटवली. त्या दिवशी घडलेलं नव्हतं, तरी चिकटवली. त्याच दुपारी ओढ्यापलीकडे धूर दिसला. जोथमने भट्टी पेटवली होती. उत्तर काय येईल ते कुणालाच माहीत नव्हतं, पण रस वाट बघत नाही.

लोकांनी मला ऐकवलं. फार नाही. बाजारात दोन बायका बोलता बोलता गप्प झाल्या. त्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ मला वाटेत गाठून म्हणाले, "एनॉसला पुरताना मी ढोल वाजवला होता, बाई." मी म्हटलं, "चांगला वाजवला होतात." त्यांना बहुधा दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. एनॉसच्या दगडासमोरून मी रोज जाते. पहिला आठवडाभर मी न थांबता गेले. मग एक दिवस थांबून गवत काढलं, कारण ते वाढलं होतं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. जोथमने ते पुन्हा रूफसच्या हातात दिलं. या वेळी काही विनोद केला नाही. टोपी काढून उभा राहिला. मेहिटेबलने माझा दंड धरला होता आणि तो तिने इतका घट्ट धरला की तिथे दोन दिवस वळ होता. रूफसने संपूर्ण पत्र एका आवाजात वाचलं. सादर केलेल्या पानावरून शिपाई जोथम पीसली हा आपल्या सार्जंटच्या आज्ञेने कामगिरीवर गेला होता असं दिसतं. सबब फरारीचा शेरा काढून टाकण्यात येत आहे. आज्ञा देणाऱ्या सार्जंटने वेळीच कळवलं नाही, असंही त्यात एक वाक्य होतं. रूफस त्या वाक्यापाशी अडखळला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाच," मी म्हटलं. त्याने वाचलं.

जोथमने पत्र घेतलं, टोपीत ठेवलं आणि टोपी डोक्यावर घातली. मग दुकानातल्यांकडे वळून म्हणाला, "काय रे, चार जुलैला ढोल कोण वाजवणार आहे? गेल्या वर्षीचा फार घाईत होता. मला पळवत होता."

शनिवारी दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. काखेत पट. एनॉस गेल्यापासून तो पट कुणी मांडला नव्हता.

"वहिनी, तुम्हाला येतं का?"

"चाळीस वर्षं बघितलंय."

"मग मुद्दाम हरायचं नाही. शपथ घ्या. कुठल्या पुस्तकावर घ्यायची ती तुमची तुम्ही ठरवा."

तीन डाव झाले. तिन्ही मी जिंकले. तिसऱ्या डावाला त्याने पटावर हनुवटी टेकवली, माझ्या सोंगट्यांकडे एका डोळ्याने पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे मला खरंच येत नाही."

"नाही, भाऊजी."

"साफ येत नाही?"

"एनॉसला तुमच्याकडून हरायला फार कष्ट पडत असणार."

तो हसला. हसता हसता खोकला आला, मी पाणी द्यायला उठले, तर कोपऱ्यातली बादली पुन्हा जमीन ओली करून बसलेली. ती त्यानेच दहा वर्षांपूर्वी केलेली. खोकला थांबल्यावर त्याने ती उचलून उजेडात धरली, बुडाचं वर्तुळ अंगठ्याने पुसलं, आणि "ही माझ्या नावावर ठेवू नका" म्हणत घरी घेऊन गेला. दिवे लागायच्या आत परत आणून दिली. त्या संध्याकाळची रोजनिशीतली नोंद अशी आहे:

शनिवार, २२ जून १८३३. उकाडा. घेवडा आणि मक्याची भाकरी. जोथमने स्वयंपाकघरातल्या बादलीला खालचं कडं नवं घातलं. भरून ठेवली आहे. गळत नाही.